दिवा विझतो एकीकडे, दोष दडतो दुसरीकडे

जुन्या ट्रकच्या वायरिंगमधील बिघाड बहुतेक वेळा सुट्या भागांत नसतो, सांध्यांत असतो. अंदाजाने भाग बदलत बसण्यापेक्षा मोजमाप करून तो शोधणे स्वस्तही पडते आणि सुरक्षितही. त्याचा संबंध केवळ ट्रकमालकाशी नाही. त्या ट्रकच्या मागून जाणाऱ्या प्रत्येकाशी आहे.

रात्रीच्या वेळी महामार्गावरून जाणाऱ्या मोटारचालकाला पुढच्या ट्रकची जाणीव होते ती त्याच्या मागील दोन लाल दिव्यांमुळे. त्यातील एक बंद असेल तर दुरून तो ट्रक दुचाकीसारखा भासतो. दोन्ही बंद असतील तर ट्रक दिसतो तो आपल्याच हेडलाइटच्या झोतात आल्यावर, आणि तोवर ब्रेक लावण्याइतके अंतर पुष्कळदा उरलेले नसते. पावसाळ्यात घाटातील वळणावर बंद पडून उभ्या राहिलेल्या ट्रकच्या बाबतीत हा धोका आणखीच वाढतो. अपघातानंतर चालकाच्या बेफिकिरीकडे बोट दाखवले जाते. ते अनेकदा रास्तही असते. मात्र दिव्याकडे लक्ष दिले, बल्ब बदलला, तो लागलाही आणि आठवड्याभरात पुन्हा विझला, असेही घडते. दुसऱ्यांदा होल्डर बदलला जातो, तिसऱ्यांदा नवी वायर टाकली जाते आणि चौथ्यांदा मालक कंटाळून तो विषय सोडून देतो.

यामागे एक साधे कारण आहे. यांत्रिक इंधन पंप असलेल्या जुन्या डिझेल इंजिनाला एकदा सुरू झाल्यानंतर चालत राहण्यासाठी विजेची गरज नसते. पेट्रोल इंजिनाप्रमाणे त्यात ठिणगी लागत नाही. हवा दाबली गेल्याने निर्माण होणाऱ्या उष्णतेवरच डिझेल पेटते. विजेवर चालणारा इंधन-बंद झडपेचा भाग ज्या गाड्यांत नाही, त्या गाड्या बॅटरी पूर्ण उतरली तरी मुक्कामाला पोहोचतात. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज-६ मानकांच्या ट्रकचे तसे नाही. तेथे इंजिनाचा कारभारच संगणक पाहतो आणि वायरिंग बिघडले की गाडी जागची हलत नाही. जुना ट्रक मात्र धावत राहतो, माल वेळेवर पोहोचतो, भाडे मिळते. साहजिकच वायरिंगची दुरुस्ती 'पुढच्या फेरीला' ढकलली जाते.

परतीची वाट

ट्रकमध्ये सामान्यतः १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडून २४ व्होल्टची व्यवस्था केलेली असते. बॅटरीच्या धन टोकापासून निघालेली वीज वायरीतून, फ्यूजमधून आणि स्विचमधून दिव्यापर्यंत जाते. एवढा अर्धा प्रवास सर्वांच्या लक्षात असतो. उरलेला अर्धा, म्हणजे दिव्यापासून बॅटरीच्या ऋण टोकापर्यंतचा परतीचा प्रवास, बहुतांशी वायरीतून होतच नाही. तो चेसिसच्या लोखंडातून होतो. कारागीर त्याला 'अर्थिंग' म्हणतात. जुन्या ट्रकमधील निम्म्याअधिक कोडी सुटतात ती या परतीच्या वाटेवर, आणि बहुतेकांचे लक्ष असते ते नेमके जाण्याच्या वाटेवर.

लोखंड गंजते, रंगाचे थर चढतात, बोल्ट सैल होतात. मागच्या दिव्याची अर्थिंग ज्या पट्टीला बांधलेली असते, ती चाकांनी उडवलेल्या चिखलपाण्याच्या थेट माऱ्यात असते. कोकणातील पावसाळा, मासळी किंवा मीठ वाहणाऱ्या गाड्यांतून ठिबकणारे खारे पाणी, खतांच्या पोत्यांतून सांडणारी पूड यांनी तांब्याच्या तारेवर हिरवट थर धरतो. हा थर वायरीच्या उघड्या टोकापुरता राहत नाही. आवरणाच्या आत तारांमधील बारीक फटींतून पाणी वर चढत जाते आणि बाहेरून धडधाकट दिसणारी वायर आतून वीतभर काळी पडलेली असते. त्यामुळे केवळ टोक कापून नवे थिंबल बसवणे अनेकदा व्यर्थ ठरते. लालसर, चकचकीत तांबे दिसेपर्यंत मागे जावे लागते.

आपल्याकडील ट्रकमध्ये आणखी एक गुंतागुंत असते. कारखान्यातून अनेक वर्षे ट्रक येत असे तो केवळ चेसिस आणि काऊलच्या रूपात. केबिन, हौदा आणि त्यावरचे दिवे बसवले जात ते बाहेरच्या बॉडी बिल्डरकडे. परिणामी एकाच गाडीत दोन वायरिंग नांदतात. एक कारखान्याचे, ज्याचा नकाशा पुस्तिकेत सापडतो. दुसरे बॉडी बिल्डरचे, जे हाताशी असलेल्या रंगाच्या वायरीने ओढलेले असते. त्यात पुढच्या मालकांनी भर घातलेली असते: टपावरची झगमग, जास्तीचे हॉर्न, पंखा, टेप, मोबाइल चार्जर. वायरीच्या रंगावर विसंबून बिघाड शोधणारा येथे हमखास फसतो. त्यातल्या त्यात आधार असतो तो बॉश पद्धतीच्या स्विच आणि रिलेवर कोरलेल्या आकड्यांचा. ३० म्हणजे थेट बॅटरीकडून आलेली जोडणी, १५ म्हणजे किल्ली फिरवल्यावर मिळणारी, ३१ म्हणजे अर्थ आणि ५० म्हणजे सेल्फकडे जाणारी. रंग बदलले तरी हे आकडे बदलत नाहीत.

मीटर २४ व्होल्ट दाखवतो, तरी दिवा लागत नाही

नवशिका कारागीर बल्ब काढतो, होल्डरमध्ये मल्टिमीटरची टोके लावतो, मीटरवर २४ व्होल्ट दिसतात आणि तो वायरिंग ठीक असल्याचा निर्वाळा देतो. मीटरने खोटे सांगितलेले नसते. प्रश्नच चुकीचा विचारलेला असतो. मल्टिमीटर स्वतः इतका अल्प प्रवाह घेतो की वायरीतील वीसपंचवीस तारांपैकी एकच शाबूत असली तरी त्याला पूर्ण दाब दिसतो. नळाला पाणी आहे की नाही हे तोटी बंद असताना पाईपातील दाबावरून ठरवण्यासारखेच हे आहे. तोटी उघडल्यावर धार येते की थेंब, यावरच खरे काय ते कळते.

म्हणूनच मोजणी करायची ती बल्ब जागेवर ठेवून आणि दिवा चालू असताना. मीटरचे काळे टोक थेट बॅटरीच्या ऋण टोकाला लावायचे. लांब वायर जोडून घ्यावी लागते, पण त्याला पर्याय नाही. लाल टोक दिव्याच्या अर्थिंगला टेकवायचे. परतीची वाट निर्दोष असेल तर मीटर शून्याच्या आसपास राहतो, फार तर एक-दोन दशांश व्होल्ट दाखवतो. तेथे तीन-चार व्होल्ट दिसले, तर तेवढा दाब गंजात खर्च होत आहे असा त्याचा अर्थ. हीच मोजणी पुढच्या वाटेवर, बॅटरीच्या धन टोकापासून दिव्याच्या वायरीपर्यंत, पुन्हा करता येते.

तीन-चार व्होल्ट किरकोळ वाटतात, पण ते तसे नाहीत. ब्रेक लॅम्पचा २१ वॅटचा बल्ब २४ व्होल्टवर जेमतेम एक अँपिअर प्रवाह घेतो. त्याच्या वाटेत गंजलेल्या जोडाचा अवघा ५ ओहमचा रोध आला, की सुमारे साडेतीन व्होल्ट तेथेच गळतात. दाब १५ टक्क्यांनी घटला म्हणून प्रकाशही तेवढाच घटेल, असे मात्र होत नाही. तारेच्या बल्बचा प्रकाश दाबापेक्षा कितीतरी वेगाने उतरतो. येथे तो सुमारे ४० टक्क्यांनी कमी होतो. दिवा 'लागतो' आहे, त्यामुळे चालकाची तक्रार नसते. मागच्या मोटारीला मात्र ब्रेक दाबला गेल्याचे उशिरा कळते.

अर्थिंग पूर्ण तुटली असेल तर लक्षणे चमत्कारिक होतात. इंडिकेटर लावला की तो पेटतच नाही, उलट त्याच बाजूचा टेल लॅम्प मिणमिणतो. एकाच डब्यात बसवलेल्या दिव्यांची परतीची वाट एक असते. ती बंद झाली की वीज शेजारच्या बल्बच्या तारेतून उलट्या दिशेने वाट काढते. अशा वेळी स्विच आणि फ्लॅशर यांना दोष देऊन ते बदलण्याचा सपाटा सुरू होतो. वस्तुतः एका दिव्याचा परिणाम दुसऱ्यावर दिसू लागला, की पाना घेऊन प्रथम अर्थिंगच्या बोल्टकडेच जावे.

दोष जाण्याच्या वाटेवर असेल तर तो शोधताना एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत वायर उकलत जाण्याची गरज नाही. केबिनमधून वायरी चेसिसवर उतरतात, तेथील जोड हे साधारण मध्यस्थान. तेथे मोजून दोष पुढे आहे की मागे, हे ठरवावे; मग उरलेल्या निम्म्याचे पुन्हा दोन भाग करावेत. चार-पाच मोजण्यांत जागा हातभर लांबीवर येते. बहुतेकदा ती एखाद्या क्लॅम्पखाली, फाळक्याच्या बिजागरीपाशी किंवा कोणीतरी घाईत पीळ देऊन टेप गुंडाळलेल्या जोडावर सापडते. गोदामात महिनोन्महिने उभ्या असलेल्या गाडीत उंदरांचाही वाटा असतो.

सेल्फची तक्रार

दिव्यांच्या बाबतीत एक अँपिअरचा प्रश्न असतो. सेल्फ मारताना शेकडो अँपिअरचा. येथे रोध ओहमात नव्हे, ओहमाच्या शेकडाव्या-हजाराव्या भागात मोजावा लागतो. ४०० अँपिअर वाहत असताना एका जोडात ओहमच्या दोनशेव्या भागाएवढा रोध असला तरी २ व्होल्ट गळतात आणि त्या जोडावर ८०० वॅट, म्हणजे घरातील इस्त्रीएवढी, उष्णता निर्माण होते. सेल्फ दोनतीनदा मारून झाल्यावर कोणता टर्मिनल तापला आहे, हे जुने कारागीर हाताच्या अंदाजाने पाहतात, ते याच कारणाने. सवय नसलेल्याने हात लावण्याऐवजी मीटर लावलेला बरा.

क्रम महत्त्वाचा आहे. काही तास उभ्या असलेल्या गाडीच्या प्रत्येक बॅटरीचा दाब वेगवेगळा मोजावा. पूर्ण भरलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या वर असते, १२.२ च्या आसपास ती निम्मी रिकामी झालेली असते. दोघींत मोठा फरक आढळला, तर कोणी एकाच बॅटरीवरून १२ व्होल्टची वायर काढून टेप किंवा चार्जर चालवतो आहे का, हे पाहावे. ही सोय ट्रकमध्ये फार बोकाळलेली आहे. तिच्यामुळे एक बॅटरी कायम अर्धपोटी राहते आणि दुसरी गरजेपेक्षा जास्त चार्ज होऊन तिचे पाणी आटते. पुढे दोन्ही अकाली जातात. २४ वरून १२ व्होल्ट करून देणारा कन्व्हर्टर बसवणे हा त्यावरचा उपाय.

बॅटऱ्या ठीक असूनही सेल्फ जड फिरत असेल, तर कोणीतरी सेल्फ मारत असताना मीटरचे एक टोक बॅटरीच्या ऋण टोकावर आणि दुसरे इंजिनाच्या स्वच्छ लोखंडावर ठेवावे. अर्ध्या व्होल्टपेक्षा फार अधिक दिसले, तर इंजिन आणि चेसिस यांना जोडणारी विणलेली पट्टी किंवा बॅटरीची मुख्य अर्थ केबल तपासावी. इंजिन रबरी पायांवर बसलेले असते, त्यामुळे ते लोखंडी असूनही चेसिसला विजेने जोडलेले नसते; ते काम ही पट्टी करते. क्लच किंवा गिअरबॉक्सचे काम झाल्यानंतर ती परत लावायची राहून गेलेली असते. मग सेल्फचा प्रचंड प्रवाह ॲक्सिलरेटरच्या केबलमधून परत जाऊ पाहतो, केबल तापते, कडक होते आणि मालक केबलच बदलून घेतो.

सेल्फ जर फिरतच नसेल, केवळ 'टक' असा आवाज येत असेल, तर बॅटरी, केबल आणि सेल्फचा सोलेनॉईड यांकडे संशय जातो. तो आवाजही नसेल तर किल्लीपासून सोलेनॉईडपर्यंतची बारीक वायर पाहावी. हा भाग तुलनेने सोपा आहे.

काही रुपयांचा बल्ब आणि महागडा अल्टरनेटर

इंजिन वेगात असताना बॅटऱ्यांवर साधारण साडेसत्तावीस ते साडेअठ्ठावीस व्होल्ट दिसायला हवेत. २५ वरच काटा अडला तर चार्जिंग होत नाही. येथे थेट अल्टरनेटर उतरवून रिवाइंडिंगला पाठवण्याआधी डॅशबोर्डवरचा चार्जिंगचा लाल दिवा पाहावा. किल्ली फिरवल्यावर, इंजिन सुरू होण्यापूर्वी, तो लागला पाहिजे. बहुतांश जुन्या अल्टरनेटरना चुंबकत्व जागे करण्यासाठी लागणारा सुरुवातीचा थोडासा प्रवाह याच दिव्यातून मिळतो. तो बल्ब उडाला, की धडधाकट अल्टरनेटरही निद्रिस्त राहतो. त्यानंतर पट्ट्याचा ताण, मग कार्बन आणि रेग्युलेटर.

याउलट दाब ३० व्होल्टपर्यंत जात असेल तर रेग्युलेटर निकामी झाला आहे. हेडलाइटचे बल्ब सारखे उडणे आणि बॅटरीत वारंवार पाणी घालावे लागणे, ही त्याची लक्षणे. 'कंपनीचा माल पूर्वीसारखा राहिला नाही' असे म्हणत बल्बच्या ब्रँडवर खापर फोडले जाते, ते येथे. हौद्याचे वेल्डिंग करताना बॅटरी सोडवली नाही, तर अल्टरनेटरमधील डायोड जातात, हेही अनेक मालकांना ठाऊक नसते.

दोन दिवस उभी राहिली की बॅटरी उतरते, अशी तक्रार असेल तर चोरवाट शोधावी लागते. सर्व स्विच बंद करून बॅटरीची ऋण केबल सोडवायची आणि टोक व केबल यांच्यामध्ये मीटर अँपिअरच्या पट्टीवर लावायचा. या स्थितीत सेल्फ चुकूनही मारू नये, मीटर जळतो. संगणक नसलेल्या गाडीत हा प्रवाह शून्याच्या जवळ असतो. मालकाने जीपीएस यंत्र बसवले असेल तर किंचित अधिक. एक अँपिअर जरी दिसला, तरी दोन दिवसांत ४८ अँपिअर-तास निघून जातात. १५० अँपिअर-तासांच्या बॅटरीचा तो जवळपास तिसरा हिस्सा झाला. मग एकेक फ्यूज काढत जावे. जो काढताच आकडा खाली येतो, त्या शाखेत चोर आहे. एकाही फ्यूजने फरक पडला नाही तर अल्टरनेटरची मुख्य वायर सोडवून पाहावी. फुटलेला डायोड बॅटरी गुपचूप रिकामी करतो आणि त्या वायरीला अनेक गाड्यांत फ्यूजच नसतो.

चंदेरी कागदाचा फ्यूज

सर्वांत गंभीर बाब फ्यूजची आहे. फ्यूज वारंवार जातो म्हणून त्याजागी जाड तार किंवा सिगारेटच्या पाकिटातील चंदेरी कागद गुंडाळण्याची प्रथा जुनी आहे. फ्यूज हा त्या वाटेवरील सर्वांत कच्चा दुवा असतो, तो मुद्दामच. तो काढून टाकला की कच्चा दुवा नाहीसा होत नाही, जागा बदलतो. आता तापते ती वायर, आणि ती केबिनमध्ये चालकाच्या पायांपाशी, प्लायवूड आणि रेक्झिनच्या मागून गेलेली असते. जेथे चालक आणि क्लीनर रात्री झोपतात, तीच ही जागा.

सतत फ्यूज उडवणारा शॉर्ट शोधण्यासाठी फ्यूजची पेटी रिकामी करण्याची गरज नाही. उडालेल्या फ्यूजच्या जागी २४ व्होल्टचा २१ वॅटचा बल्ब जोडावा आणि त्या शाखेतील दिवे काढून ठेवावेत. वायर कोठेतरी चेसिसला टेकत असेल तर हा बल्ब लख्ख पेटतो, पण त्यातून एका अँपिअरपेक्षा जास्त प्रवाह जात नसल्याने काहीही जळत नाही. मग वायरिंगचा जुडगा ठिकठिकाणी हलवत जावे. ज्या ठिकाणी हात लावताच बल्ब विझतो, तेथे आवरण घासले गेले आहे. विशेषतः वायर जेथे पत्र्याच्या भोकातून जाते आणि भोकातील रबरी कडे गळून पडलेले असते, ती जागा प्रथम पाहावी.

जास्तीचे हॉर्न आणि दिवे मूळ स्विचवरच चढवले गेले असतील तर शॉर्ट नसतानाही फ्यूज जातो. त्यांना स्वतंत्र फ्यूज आणि रिले देणे हा उपाय. त्याहून सोपा उपाय म्हणजे ते काढून टाकणे, पण तो सहसा मान्य होत नाही.

परिवहन वाहनांना आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते. त्या दिवशी सर्व दिवे लागतात. पण सैल अर्थिंगला एक पावसाळा पुरतो. त्यामुळे दुरुस्ती करताना तारांना पीळ देऊन टेप गुंडाळण्याऐवजी थिंबल दाबून बसवणे, अर्थिंगखालचा रंग पॉलिश पेपरने लोखंड चमकेपर्यंत घासणे, बोल्ट आवळल्यावर वरून ग्रीस लावणे आणि बॅटरी सोडवताना ऋण टोक आधी काढून शेवटी जोडणे, एवढी पथ्ये पाळावीत. ऋण टोक जोडलेले असताना धन टोकावरचा पाना चेसिसला टेकला तर मोठी ठिणगी उडते, आणि चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन बाहेर पडत असतो.

काम संपल्यावरची तपासणी गाडी गॅरेजमध्ये रिकामी उभी असताना करून भागत नाही. माल भरल्यावर चेसिस वाकते, वायरी ताणल्या जातात, आणि रिकाम्या गाडीत जुळलेला जोड भरल्या गाडीत सुटतो. इंजिन चालू ठेवून हेडलाइट, टेल लॅम्प, ब्रेक आणि इंडिकेटर एकाच वेळी लावावेत, क्लीनरने मागे वीस पावलांवर उभे राहावे आणि दुसऱ्या कोणीतरी फाळका दोनतीन वेळा जोराने आपटावा. दिवे लुकलुकले, तर काम अजून बाकी आहे.